जावई धुण्याचा दिवस

परत आल्यापासून गल्लीत जी भेटते ती एकच विचारते, "मग तुम्ही उडी मारली का हो?" नाही मारली. आधीच सांगून टाकते, म्हणजे केवळ उडीसाठी वाचायला बसलेल्यांनी खुशाल उठून आपापल्या कामाला लागावं. गुडघे धरलेली, लातूरच्या पोस्टातून निवृत्त झालेली बाई जरीच्या साडीत विहिरीत उडी मारते तेव्हा बुडणारे एकाचे दोन होतात, असं आमचे पोहण्याचे सर सांगतात.

पोहणं मी गुडघ्यांपायी शिकले. डॉक्टरांनी सांगितलं, पाण्यात व्यायाम करा. सर माझ्या मुलाहून लहान, पण शिस्त अशी की पाण्यात उतरायच्या आधी रोज काठावर उभं करून आमच्याकडून पाठ म्हणवून घ्यायचे. बुडणारा कसा दिसतो, आपण आधी काय करायचं, काय अजिबात करायचं नाही. त्यामुळे झालं असं की पोहणं मला बेताचंच आलं, पण पाण्यावर बोलणं मात्र भरपूर आलं. घरात कुणी बादलीत हात घातला तरी मी सूचना देते, असं आमचे हे पाहुण्यारावळ्यांत सांगत असतात. बोलू देत.

उदगीर सोडल्यावर

गुढीपाडव्याला माझी मावसबहीण शकू हिच्याकडे कमठाण्याला जायचं ठरलं. तिची मुलगी प्रियंका हिचं लग्न नुकतंच झालेलं, आणि नव्या जावयाचा सासरवाडीतला हा पहिला पाडवा. ह्यांनी गुडघ्याचं निमित्त सांगून अंग काढून घेतलं. गुडघे माझे, निमित्त त्यांचं.

उदगीरहून बीदरची गाडी धरली. हा प्रवास ज्यांनी केलेला नाही त्यांना सांगते, कंडक्टरचं तोंड बघायला तरी जा. उदगीरच्या स्टँडवर तो माझ्याशी मराठीत बोलला, भालकी येईपर्यंत कानडीत आला, आणि एका म्हाताऱ्यानं बकरीचं तिकीट काढायला नकार दिला तेव्हा भांडण अस्सल दखनीत झालं. म्हातारा तिन्ही भाषांत पुरून उरला. बकरी फुकट गेली.

बीदर जवळ आलं की काळी माती संपते आणि जमीन तांबडी होते, विटकरीसारखी. घरांच्या पायाचे दगड तांबडे, विहिरींचे काठ तांबडे, पोरांच्या चड्ड्यांचे मागचे भागसुद्धा तांबडे. कमठाण्यात उतरले तेव्हा शकू रस्त्यावरच उभी होती. "कामून इतका उशीर केलीस? होळग्या गार व्हायल्यात," म्हणाली आणि माझी पिशवी हिसकावून पुढे चालायला लागली.

होळगी म्हणजे आपली पुरणपोळीच. फरक एवढाच की लातुरात आपण पाहुण्याला विचारून वाढतो. इथं विचारणं म्हणजे अपमान. ताटात पोळी, पोळीवर तुपाची धार, वर दूध, आणि नको म्हणून आडवा हात धरला तर हातावर दुसरी पोळी. जेवण झाल्यावर मी भिंतीला टेकून बसले ती चहापर्यंत हलले नाही.

जावई समोरच होता. नागेश त्याचं नाव. गुलबर्ग्याला तुरीच्या डाळीच्या मिलमध्ये हिशेब बघतो. उंच, काटक, बोलायला लाजरा. सासरवाडीत पहिल्या सणाला जावयाची जी अवस्था होते ती त्याची झालेली: पाटावर बसला की उठू देत नव्हते आणि उठला की पुन्हा बसवत होते. प्रियंका त्याच्याकडे बघून पदराआड हसत होती. जोडा गोड होता, ह्यात शंका नाही.

गुहेत

दुसऱ्या दिवशी सगळे बीदरला झरणी नरसिंहाला गेलो. हा देव भक्तांची बरीच परीक्षा बघतो. डोंगराच्या पोटात बोगदा आहे, बोगद्यात पाणी, आणि त्या पाण्यातून चालत चालत शेवटाला जाऊन दर्शन घ्यायचं. पाणी कुणाच्या कमरेला लागतं, कुणाच्या छातीला. डोक्यावर वटवाघळं. नवसाची तान्ही लेकरं बापांच्या खांद्यावर बसून जातात आणि सगळ्यांत कमी तीच रडतात.

लातूरहून एवढं पोहणं शिकून आलेली मी, मधोमध पाय सटकला तेव्हा काय केलं असेल? समोर दिसला त्याचा दंड दोन्ही हातांनी धरला आणि दर्शन होईपर्यंत सोडला नाही. तो दंड नागेशचा होता. बिचाऱ्यानं मला ओढत नेलं आणि ओढत आणलं. उंच माणूस, पाणी त्याच्या पोटाच्या वर गेलंच नाही. पायाखाली जमीन घट्ट. रमतगमत चालत होता.

बाहेर आल्यावर शकूचा धाकटा, बसू, यानं जाहीर करून टाकलं की आपल्या दाजींना पाण्याची भीती म्हणून न्हाई. थोरला संतोष म्हणाला, मग उद्याची काळजी मिटली. मी विचारलं, उद्या काय? तर सगळे एकमेकांकडे बघून हसायला लागले.

परतीच्या वाटेवर मला कळलं. उद्या जावई धुवायचा होता.

ही ह्यांच्या घरची रीत. शकूचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, ह्यांच्या आज्या-पणज्यांनी मेंढरं राखली. लोकर कातरायच्या आधी मेंढरं पाण्यात घालून धुवावी लागत, आणि त्याच दिवशी थट्टेथट्टेत घरचा नवा जावईही पाण्यात घालायचा. आता मेंढरं गेली, शेती आली, पोरं नोकरीला लागली. पण पाडवा झाला की जावई धुणं काही सुटलेलं नाही. सासरचे पुरुष त्याला विहिरीत लोटतात, बायका वर बसून त्याची फिरकी घेतात. कासरा, म्हणजे बैलाचा तो लांब दोर, धाकट्या मेव्हण्याच्या हातात असतो. जावयानं पाण्यात राहूनच बायकोचं नाव मोठ्यानं घ्यायचं. घेतलं की कासरा मिळतो. नाही घेतलं तर तरंगत राहा. लाजरा जावई जितका जास्त वेळ गप्प, तितकी वर जास्त मजा. भावजींनी त्यांच्या बहिणीच्या नवऱ्याला अर्धी दुपार पाण्यात ठेवलं होतं म्हणे. ते अजून अभिमानानं सांगतात.

विहिरीवर

सकाळी चहाच्या वेळी मी नागेशला एकटं गाठून विचारलं, पोहता येतं ना? तो म्हणाला, "थोडं थोडं येतंय मावशी." आमचे सर म्हणतात, पाण्यात 'थोडं थोडं' असं काही नसतं. जिथं पाय टेकत नाहीत तिथं थोडा वेळ तरंगून, वळून, काठाला येता येतं किंवा येत नाही. मी म्हटलं, मग पाठीला डबा बांध. आमच्याकडे पोरं पोहायला शिकताना रिकामा बंद डबा बांधतात तसा. हे बसूनं ऐकलं आणि पाचच मिनिटांत घरभर झालं की लातूरची मावशी दाजींना डबा बांधायलीय. नागेशचे कान लाल झाले. "नको मावशी, लहान लेकरं बांधतेत ते," म्हणाला. आता सासरवाडीत, बायकोसमोर, मेव्हण्यांसमोर, कुठला नवरदेव हो म्हणेल? मग मी तेलाचा एक रिकामा प्लास्टिकचा कॅन, झाकण घट्ट लावून, स्वतःच उचलून घेतला. शकू म्हणाली, काय करायलीस त्याचं? म्हटलं, पाणी आणते झाडांना. दिवसभर माझी तेवढ्यावरून थट्टा झाली ती वेगळीच.

विहीर मोठी, चौकोनी, तांबड्या दगडाची, एका अंगाला पायऱ्या. पाणी हिरवंगार आणि काळं, तळ दिसण्याचा प्रश्नच नाही. भावजी म्हणाले, दोन पुरुष एकावर एक उभे राहिले तरी बुडतील इतकं खोल. आम्ही बायका वरच्या पायऱ्यांवर बसलो. शेंगा, गूळ, चहाचा थर्मास. प्रियंका मोबाइल घेऊन सगळ्यांत पुढे. संतोष आधीच पाण्यात उतरलेला, बसू खालच्या पायरीवर कासरा घेऊन. भावजींनी जावयाच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि लोटून दिलं.

नागेश खाली गेला, वर आला, हसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संतोष त्याच्या तोंडावर पाणी उडवत राहिला, तो मागे मागे सरकत मधोमध गेला. मग संतोष बाजूला झाला आणि वरून सुरू झालं. नाव घ्या जावईबापू. आवो कानडीत घ्या, आमाला समजतंय. शकूची जाऊ म्हणाली, लाजायलाय बघा, माझा मालक असाच लाजत होता. सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. बसू कासऱ्याचं टोक त्याला दाखवून मागे ओढत होता.

तो काही बोलेना.

मी शेंग सोलता सोलता थांबले. नागेश पाण्यात उभा होता. म्हणजे अंग सरळ उभं, आणि पाय मारल्याची पाण्यात काही खूण नाही. मान मागे टाकलेली, तोंड आभाळाकडे आणि नेमकं पाण्याच्या पातळीला. पाण्याखाली जायचं, वर यायचं, पुन्हा जायचं. ओले केस डोळ्यांवर आलेले, आणि ते बाजूला करायला हात वर येत नव्हता. दोन्ही हात बाजूंना पसरून पाणी खाली दाबत होते, शिडी चढावी तसे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, जावई आरामात पाण्याशी खेळतोय.

सरांचा काठावरचा पाठ आठवला. सिनेमातला माणूस बुडताना हात हलवून बोंबलतो, खरा माणूस नाही. ओरडायला श्वास लागतो, आणि त्याचं तोंड वर येतं तेवढ्यात श्वास घ्यायलाच पुरत नाही. हात हलवायला जावं तर अंग खाली जातं, म्हणून हात आपसूक पाणी दाबत राहतात. शंका आली तर त्याला विचारा, बरा आहेस का. उत्तर आलं तर ठीक. उत्तर नाही, नजर कुठंच नाही, तर तुमच्याकडे फार थोडा वेळ आहे.

मी उभी राहून विचारलं, "नागेश, बरा हायस का रे?" डोळे उघडे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, कुणाकडेच बघत नव्हते.

"बसू, कासरा टाक. बुडायलाय त्यो."

"नाव घेतल्याबिगर न्हाई मावशी," बसू हसत म्हणाला.

बायका आणखी हसल्या. लातूरच्या मावशीला बादलीतही माणूस बुडताना दिसतो हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालं होतं. मी कॅन घेऊन पायऱ्या उतरले. माझे गुडघे त्या दिवशी कुठं गेले होते कोण जाणे. बसूच्या हातून कासरा ओढून घेतला तेव्हा त्यानं माझं तोंड बघितलं आणि त्याचं हसू गेलं. त्यानंही मान वळवून पाण्याकडे पाहिलं. त्यानंच संतोषला हाक मारली.

संतोषनं चूक केली ती सगळे चांगले पोहणारे करतात. सरळ समोरून गेला. नागेशनं त्याचा गळा धरला आणि दोघंही खाली गेले. वर शकू किंचाळली. आता कुणी हसत नव्हतं. मी कॅनच्या मुठीतून कासरा ओवून गाठ मारत होते. उडी मारावी असं वाटलं, खोटं का सांगू. सगळं अंग पुढे ओढत होतं. पण गाठ मारली.

संतोष विहिरीत वाढलेला. धरणाऱ्याच्या हातून सुटायचं तर वर नाही, खाली जायचं, हे त्याच्या अंगाला माहीत होतं. त्यानं बुडी मारली, गळ्यावरची मिठी सुटली, तो लांब वर आला. मी कॅन फेकला. "समोरून जाऊ नको, मागून जा. कॅन त्याच्या काखेत घाल." नागेश त्या वेळी दिसत नव्हता. नुसते केस दिसत होते. संतोषनं मागून जाऊन त्याला हनुवटीखाली धरून वर घेतलं, कॅन छातीखाली दाबला, आणि बसूनं आणि मी मिळून ओढलं. बसूच ओढत होता, मी नुसती धरून होते.

पायरीवर घेतला तेव्हा ओठ निळे. मग खोकला आला, इतका जोराचा की मला तो गाण्यासारखा वाटला. पाणी ओकला. भावजी धावत आले आणि म्हणाले पाय धरून उलटा करा, गरगरा फिरवा, पोटातलं पाणी काढा. मी त्यांच्यापुढे हात आडवा धरून उभी राहिले. आयुष्यात भावजींशी वर मान करून बोलले नव्हते. नागेशला कुशीवर वळवला, तोंड साफ केलं, अंगावर लुगडं घातलं. तो श्वास घेत होता. शकू माझा दंड धरून उभी होती.

प्रियंका सगळ्यांच्या मागे उभी होती. मोबाइल पायरीवर पडलेला, काच फुटलेली. तिला हाक मारली तरी ती जवळ येईना.

बीदरचा दवाखाना

घरी आणल्यावर शकूनं हळद घालून दूध दिलं आणि सगळ्यांचं मत पडलं की झालं ते झालं, आता झोपू द्या. मी म्हटलं, दवाखान्यात न्यायचं. तो बोलायलाय, चालायलाय, मग कशाला, असं बसूनं विचारलं. त्याला सांगितलं, पाणी छातीत गेलेला माणूस चांगला दिसत दिसत नंतर एकदम कोसळतो. थट्टा करायला कुणाच्या अंगात बळ उरलं नव्हतं. जीप काढली.

वाटेतच नागेशला धाप लागायला लागली. दवाखान्यात ऑक्सिजन लावला आणि ठेवून घेतला. डॉक्टर बीदरचेच, बोलायला तिखट. ते भावजींना म्हणाले, "पाणी फुप्फुसात जातंय काका, पोटात न्हाई. उलटा करून काढाया ती घागर हाय व्हय?" भावजी जाऊन जावयाच्या उशाशी स्टुलावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी त्याचा श्वास सरळ झाला आणि माझा जीव भांड्यात पडला. बसूनं दवाखान्याबाहेरून मिरची-भजी आणि मुरमुऱ्यांचा सुसला आणला, आम्ही बाकड्यावर बसून खाल्ला. इतका चविष्ट सुसला मी आजवर खाल्लेला नाही. भावजींनी एक घास घेऊन सांगितलं की ह्यापुढं ह्या घरात जावई हंड्याच्या पाण्यानं धुवायचा. आम्ही हसलो, पण ते हसले नाहीत.

पण नागेश प्रियंकाशी बोलत नव्हता. तिनं पाण्याचा पेला पुढे केला तर तो माझ्याकडे बघून माझ्याकडून पाणी मागायचा. पोरगी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडायची. शकू मला म्हणाली, "तू जा संगं गुलबर्ग्याला. तुझं ऐकतोय त्यो. माझ्या लेकीला परत न्हाई पाठवलं म्हंजे मिळवलं."

गुलबर्गा

आम्ही तिघं हुमनाबादवरून रेल्वेनं गेलो. तांबडी जमीन मागे पडते आणि पुन्हा काळी लागते, तुरीच्या कापलेल्या धसकटांची. खिडकीशी नागेश, मध्ये मी, कडेला प्रियंका. मी इकडून तिकडे पेरू, बिस्किटं, शब्द पोचवत होते. पोस्टातली नोकरी अशी उपयोगाला आली.

त्यांचं घर डाळ मिलच्या बाजूला, गल्लीभर भाजल्या डाळीचा वास. नागेशची आई शेजारी निरोप सांगायला गेली. प्रियंका आत कणीक मळायला बसली. मी आणि नागेश ओट्यावर. त्याचा आवाज अजून बसलेलाच होता.

"मावशी, एक विचारू? तुमीच कामून आलात? बाकीचे कामून आले न्हाईत?"

मी विचारलं, म्हणजे काय?

"मी किती वरडलो," तो म्हणाला. "सगळ्या जिवानिशी वरडलो. तिचंच नाव घेत होतो. प्रियंका, प्रियंका, दोर टाकायला सांग म्हणून. ती समोरच होती. माझ्याकडं बघत होती, आणि हसत होती."

इतके दिवस पोराच्या छातीत नुसतं पाणी नव्हतं, हे होतं. माझे डोळे भरून आले.

"बाळा," मी म्हटलं, "तुझ्या तोंडातून आवाज निघाला न्हाई. एक अक्षर न्हाई. मी तिच्यापासून चार हातांवर बसले होते, मला काय ऐकू आलं न्हाई. विहिरीवर कुणालाच ऐकू आलं न्हाई. तू गप्प होतास म्हणून मी उठले."

"मी वरडलो मावशी."

"तुझ्या आत वरडलास. बुडणाऱ्याचं तसंच होतं. तिला वाटलं, तू लाजायलास."

तो माझ्याकडे बघत राहिला. खरं आहे का खोटं, हे माझ्या तोंडावर शोधत होता. मग खाली मान घालून गुडघ्यांवरचे हात बघत बसला. गल्लीतून डाळीची पोती लादलेला टेम्पो दणदणाट करत गेला. आत परात वाजत होती, कुकरची शिट्टी होत होती.

त्यानं मान वळवून दाराकडे हाक मारली, "प्रियंका." बसका, फाटका आवाज, माझ्यापर्यंतच जेमतेम पोचला.

त्या एका हाकेला ती कणकेच्या हातांनी धावत बाहेर आली.